आपद्धर्माची मर्यादा

संकटकाळी धर्माचे नियम किती सैल करावेत, आणि ते सैल केल्यावर जे उरते त्याला धर्म म्हणावे की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेने फार पूर्वीपासून गांभीर्याने हाताळला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्म आणि मोक्षधर्म यांच्यामध्ये आपद्धर्म या नावाचे स्वतंत्र उपपर्व आहे. दुष्काळ, युद्ध किंवा परचक्र यांच्या प्रसंगी, एरवी निषिद्ध मानलेले आचरण तेवढ्यापुरते मान्य करणारी व्यवस्था म्हणजे आपद्धर्म.

या व्यवस्थेचे मर्म छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेत जितके नेमके सापडते, तितके ते नंतरच्या विस्तृत स्मृतिवाङ्मयातही क्वचितच सापडते. कुरुदेशातील पिके बुडाल्यामुळे अन्नान्नदशा झालेला हा विद्वान, कुल्माष म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य खात बसलेल्या एका गृहस्थाजवळ अन्न मागतो आणि त्याचे उष्टे धान्य घेऊन खातो. परंतु तो गृहस्थ पाणीही देऊ करतो तेव्हा ते उष्टे आहे म्हणून नाकारतो. मग धान्य उष्टे नव्हते काय, या रोकड्या प्रश्नाला उषस्तीचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर जगणे शक्य नव्हते, पाणी मात्र हवे तेव्हा मिळण्यासारखे आहे. गरज जिथे संपते तिथेच मुभाही संपते, आणि ती कुठे संपली हे ज्याची भूक त्यानेच प्रामाणिकपणे ठरवायचे असते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात प्राणसंकटापुरतीच सर्व अन्नांना अनुमती दिलेली आहे, आणि शंकराचार्यांनी तिथे आधार म्हणून हीच कथा घेतली आहे. मनुस्मृतीही आपत्ती नसताना आपद्धर्माचा आश्रय घेणाऱ्याला परलोकी त्याचे फळ मिळत नाही असे बजावते.

उषस्तीच्या प्रसंगात मुभा घेणारा आणि तिची किंमत मोजणारा माणूस एकच आहे. शांतिपर्व मात्र आपत्तीत सापडलेल्या राजाला कोश भरण्यासाठी कठोर उपायांनीही धन मिळवण्याची सवलत देते, आणि तिथे संकट राजाचे असले तरी त्याचा भार प्रजेवर पडतो. आपद्धर्माच्या विचारातील खरी अवघड जागा ही आहे; आहारशुद्धीच्या चर्चेत भाष्यकारांनी जेवढे बारकावे पाहिले तेवढे इथे पाहिले जायला हवे होते.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून 1857 साली यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले हे भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडले आणि 1858 च्या झाशीच्या वेढ्यात शहरातच अडकले. (चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापलेली प्रत बरीच संस्कारित होती, मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांच्या संपादनामुळे 1966 मध्ये वाचकांपुढे आले.) शहर पडल्यानंतरची कत्तल, जाळपोळ आणि घरोघरची लूट त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली, राज्यकर्त्यांच्या युद्धाची किंमत ज्यांनी मोजली, त्या रहिवाशांना कोणत्याही शास्त्राने निवडीची संधी दिलेली नव्हती. पुढे हालअपेष्टा सोसूनही गोडसे यांनी गंगोदकाची कावड खांद्यावरून गावी नेली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. इतक्या संकटात हे व्रत सोडले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

याच ग्रंथात काल्पीच्या वाटेवरील एका विहिरीचा प्रसंग आहे. झाशी गमावलेली, धुळीने माखलेली आणि तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई तिथे येते. गोडसे तिच्यासाठी पाणी काढू लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये असे सांगून ती त्यांना थांबवते, मातीच्या भांड्याने स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. शास्त्राच्या कोणत्याही मोजमापाने हा प्राणसंकटाचा प्रसंग ठरला असता आणि सेवा घेण्याची मुभा तिला निर्विवाद होती. राज्य बुडालेल्या अवस्थेत, मागितल्यावाचून पुढे आलेले दुसऱ्याचे कष्टही एका शासकाने नाकारावेत, ही गोष्ट राजाच्या आपद्धर्मावरील शांतिपर्वाच्या विवेचनापेक्षा उषस्तीच्या जवळची आहे; किंबहुना उषस्तीने गरज भागल्यावर नकार दिला, तर राणीने गरज असतानाच दिला.

तथापि तिने दिलेले कारण समोरच्याच्या विद्वत्तेचे आणि वर्णाचे होते, आणि म्हणून तिचा संयमही त्या काळच्या श्रेणीव्यवस्थेच्या आतलाच आहे. हीच मर्यादा आपद्धर्माच्या ग्रंथांचीही आहे: निषिद्ध अन्न खाण्याची सवलत त्यांनी प्रामुख्याने अशांसाठी तपशिलाने लिहिली ज्यांच्याजवळ भ्रष्ट होण्याजोगी शुद्धी होती, आणि बाराही महिने उष्ट्यावर जगणाऱ्यांच्या भुकेला त्यांनी आपत्ती हे नाव दिले नाही.