न बदललेल्या निवडीची जबाबदारी

संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवताना वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर जे आपोआप ठरते त्याला डीफॉल्ट म्हणतात, आणि बहुतेक जण ते कधीच बदलत नसल्याने प्रत्यक्षात तो निर्णय वापरणाऱ्याचा न राहता पॅकेज बांधणाऱ्याचा होतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते हे खरे. परंतु ही मुभा जाणकाराच्या कामाची असते, इतरांची सारी भिस्त डीफॉल्टवरच असते.

1993 साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीने या बाबतीत प्रश्न विचारण्याचीच शिस्त घालून दिली. तिच्या डेबकॉन्फ या साधनात प्रत्येक प्रश्न महत्त्वानुसार चारपैकी एका स्तरात बसवलेला असतो. ज्याचे समंजस उत्तर आधीच देता येते तो खालच्या दोन स्तरांत जातो व सहसा विचारलाच जात नाही, आणि ज्याचे तसे उत्तर संभवत नाही तोच वापरणाऱ्यापुढे येतो.

समंजस उत्तर मात्र केवळ सोयीचे असून भागत नाही. मोंगोडीबी या माहितीसाठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डाविना चालत आणि त्यांतील काही तर बाहेरच्या जाळ्यालाही उघड्या राहत; 2017च्या आरंभी असे हजारो साठे पुसून खंडणी मागितली गेली, आणि 3.6 या आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर मुळातच फक्त स्वतःच्या संगणकावरून आलेल्या जोडण्या स्वीकारू लागले. दार बंद ठेवून किल्ली मालकाच्या हाती देणे, हाच येथील धडा होय.

डीफॉल्टला भाषाही असते. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली; तरीही अनेक देवनागरी फॉन्ट मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्याशिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणेच दाखवतात. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी कोणी मुक्त प्रणाली बसवली आणि भाषेच्या प्रश्नावर नुसतेच ‘पुढे’ दाबले, तर पडद्यावरचे अक्षर कोणत्या वळणाचे असावे हे दूरच्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते.

म्हणून डीफॉल्ट निवडणाऱ्याने सर्वांत कमी जाणणारा वापरणारा डोळ्यांपुढे ठेवावा: निवड सुरक्षित असावी, नंतर सहज बदलता यावी आणि ती केल्याचे स्पष्ट सांगितलेले असावे. जो प्रश्न विचारला जात नाही, त्याच्या उत्तराची जबाबदारी उत्तर भरून ठेवणाऱ्यावरच राहते.