यात्रेहून आल्यावर खरं सांगावं का?

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा एखाद्या क्षेत्राचं माहात्म्य लिहावं असं आधी मनात आलं. पण माहात्म्य लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मी येडशीचा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझ्याकडं सांगण्यासारखी एक चूक आहे. तीच महाराजांच्या चरणी ठेवतो.

सुरुवात रामलिंगापासून करतो. आमचं रामलिंग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. घाटाच्या कुशीत, पायऱ्या उतरून गेलं की महादेवाचं देऊळ, बाजूनं ओढा, दाट झाडी आणि माकडं. जटायूनं रावणाला अडवलं ते इथंच, अशी आमच्याकडची श्रद्धा. १९९७ साली भोवतालच्या जंगलाचं अभयारण्य झालं. चांगला पाऊस झाला आणि श्रावणात गेलात, तर धबधब्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दोन वर्षांमागं माझा पुतण्या पुण्याहून बायकापोरांना घेऊन आला, मोबाईलवर त्या धबधब्याचा फोटो बघून. आला मे महिन्यात! पाहुणे येतायत या आनंदात मीही काही बोललो नाही. खाली उतरून बघतो तर ओढ्यात नुसते तापलेले दगड. त्याची धाकटी मुलगी म्हणाली, "आजोबा, धबधबा कुठंय?"

मला जरा रागच आला. म्हटलं, "अगं, २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं. ती गाडी आपल्याच स्टेशनावरनं जायची. असल्या मुलखात मे महिन्यात धबधबा कुठला?"

पुतण्या हसला. म्हणाला, "काका, हे सगळीकडंच चालतं. पॅरिस बघायला गेलेले काही जपानी लोक म्हणे निराशेनं आजारी पडले. पॅरिसमधल्याच एका जपानी डॉक्टरांनी त्या दुखण्याला पॅरिस सिंड्रोम असं नाव दिलं."

मला तेवढं निमित्त पुरलं. रात्री जेवणं झाल्यावर मी पोरांना अवधूतांचे चोवीस गुरू सांगायला बसलो. त्यातली पिंगला. येणाऱ्याची वाट बघत मध्यरात्रीपर्यंत आत-बाहेर करत राहिली आणि आशा सोडली तेव्हा सुखानं झोपली. "म्हणून अपेक्षा ठेवू नये," असा मी समारोप करतोय, तोच स्वयंपाकघरातनं सौ. म्हणाली, "आणि गाणगापूरहून आल्यावर तुम्ही चार दिवस घुम्यासारखे बसला होतात, ते पण सांगा की."

मी गप्प झालो.

त्याचं असं झालं. नोकरीत असल्यापासून दरवर्षी गुरुचरित्राचा सप्ताह मी चुकवला नाही. वाचता वाचता मनात एक गाणगापूर तयार झालेलं होतं. भीमा-अमरजेचा शांत संगम, औदुंबराची सावली, चार-दोन शिष्य आणि समोर श्रीनृसिंह सरस्वती. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सोलापूर, अक्कलकोट करत तिथं गेलो. मुद्दाम पौर्णिमा साधली. रांगेत चार तास गेले. झरोक्यापाशी पोचलो, निर्गुण पादुकांकडं बघतोय एवढ्यात पाठीवर मागच्याचा हात पडला. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे ठरायच्या आत मी बाहेर होतो. संगमावर गेलो तर लोकांनी टाकलेले ओले कपडे पायात येत होते. दुपारी मंडळी माधुकरी मागायला निघाली. सौ.नं पदर पसरला. मला लाज वाटली. आयुष्यभर गुरुजी म्हणवून घेतलेला माणूस, कुणाच्या दारात उभा राहू? मी बाजूला सावलीत बसून राहिलो.

गर्दीचं वाईट वाटलं नाही. मनात काहीच उमटलं नाही, याचं वाटलं. इतकी पारायणं करून आत सगळं कोरडं, आमच्या मे महिन्यातल्या ओढ्यासारखं.

गावी आलो. रीतीप्रमाणं गल्लीतली माणसं पाया पडायला, प्रसाद घ्यायला आली. "कसं झालं दर्शन, गुरुजी?" मी म्हणालो, "काय सांगू! अंगावर काटा आला." पहिल्यांदा हे भिडेखातर बोललो. दहाव्या माणसाला सांगेपर्यंत त्यात डोळ्यांतलं पाणीही आलं होतं.

ऐकणाऱ्यांत आमच्या गल्लीतल्या एक मावशी होत्या. बाजारात भाजी विकून पोट भरणारी बाई. माझं ऐकून त्यांनी गाणगापूरचा ध्यास घेतला. दोन वर्षं पै पै साठवून सोबतीनं जाऊन आल्या. आल्यावर मी विचारलं, तर खाली बघत म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या अंगावर काटा आला. मला का हो काहीच झालं नाही? माझंच काहीतरी पाप असंल."

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "असं म्हणू नये मावशी. पुन्हा एकदा जाऊन या." दोन वर्षं साठवलेले पैसे खर्चून आलेल्या बाईला मी हे सांगितलं!

आता प्रश्न असा, की यात्रेहून आलेल्यानं खरं सांगावं का? पुष्कळांचं म्हणणं असं, की क्षेत्राविषयी उणं बोलू नये, ऐकणाऱ्याची श्रद्धा ढळते. मलाही ते पटतं. पण मी मनाला विचारलं, तू कुणाच्या श्रद्धेसाठी खोटं बोललास? उत्तर आलं, स्वतःच्या मानासाठी. एवढी पारायणं केलेल्या गुरुजींना काही जाणवलं नाही, हे लोकांना कळू नये म्हणून. त्याची किंमत मावशींनी मोजली. क्षेत्रावरची त्यांची श्रद्धा ढळली नाही, त्या स्वतःलाच पापी समजायला लागल्या. आपण सगळेच "फार छान झालं" म्हणत आलो, तर ज्याला काही जाणवलं नाही त्याला वाटतं, सगळ्यांना मिळालं, मीच एकटा करंटा.

गुरुचरित्रातली तंतुकाची कथा आपल्याला ठाऊक आहे. शिवरात्रीला सारे श्रीशैल्याला गेले, हा विणकर मात्र गुरुसेवा सोडून जाईना. गुरूंनी त्याला पादुका धरून डोळे मिटायला लावले आणि क्षणात पर्वतावर नेलं. तिथं मल्लिकार्जुनाच्या जागी त्याला गुरूच दिसले. मग त्यानं विचारलं, तुम्ही जवळ असताना लोक इतक्या लांब का येतात? गुरूंनी डोंगराला कमी लेखलं नाही, त्या स्थानाचा महिमाच समजावून सांगितला. परत आल्यावर गावानं तंतुकाची थट्टा केली. काही दिवसांनी खरे यात्रेकरू परतले आणि आम्ही याला तिथं पाहिलं म्हणाले, तेव्हा लोकांना पटलं. ही कथा मी किती वेळा वाचली! पण यात्रेहून आलेल्याच्या शब्दावर गाव केवढं विसंबून असतं, हे मला मावशींमुळं कळलं.

आणि पिंगलेचंही तेच. तिनं आशा सोडली ती स्वतःची. दुसऱ्याच्या लेकराला "आशा करू नकोस" असं ती सांगत बसली नाही. त्या पोरीला मी आधीच "मे महिन्यात पाणी नसतं" एवढं खरं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

त्याच वर्षी दत्तजयंतीला, पाळणा झाल्यावर, देवळाच्या ओट्यावर मावशींजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. काटा आला नव्हता, पाणी आलं नव्हतं, सगळं. मला वाटलं, त्या चिडतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे मी एकटीच नव्हते तर. आधी सांगायचं की हो गुरुजी."

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "पण एक सांगू का? मी जन्मभर विकत आले. जमलं तेव्हा मूठभर कुणाला दिलं पण. मागितलं कधीच नव्हतं. तिथं माधुकरीला पदर पसरला, तवा हात थरथरला बघा. त्या दारातल्या बाईनं 'घे माय' म्हटलं. ते मातर अजून आठवतं."

दुपारी महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, असं गाणगापुरात मानतात. त्या दुपारी मी सावलीत बसून होतो.

हल्ली कुणी विचारलं तर आहे तसं सांगतो. पौर्णिमेला रांग मोठी असते, झरोक्यापाशी क्षणभरच मिळतो, संगमावर जपून पाय टाका. काही जाणवलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. आणि माधुकरी मागा. ती मी अजून मागितलेली नाही. या माघात पौर्णिमेची गर्दी टाळून, साध्या दिवशी जायचं ठरवलंय. मावशी म्हणाल्या, "झोळी माझी घेऊन जा, गुरुजी."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!