गादी आणि खुर्ची

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत सात राज्यपालनियुक्त सदस्यांनी विधान परिषदेची शपथ घेतली. त्यांत वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीचे महंत बाबूसिंग महाराज राठोड होते. दहाच दिवस आधी पंतप्रधान पोहरादेवीला येऊन बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन करून गेले होते. तांड्यातांड्यांतून झालेला आनंद खरा होता. ज्या बंजारा समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्या धर्मपीठावरचा माणूस सभागृहात बसला, याचे मोल मी कमी करणार नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. आता महाराजांना मोजायचे कोणत्या मापाने?

आमदाराला आपण बिनदिक्कत विचारतो, रस्ता का रखडला, निधी कुठे गेला, जमीन कधी घेतली. उमेदवाराला मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे शपथपत्र द्यावे लागते, पाच वर्षांनी पुन्हा दारात यावे लागते. महाराजांना असे काही विचारले की शेजारचाच माणूस दटावतो. गादीला मुदत नसते, आणि नियुक्त आमदाराला निवडणूक नसते. म्हणजे श्रद्धा आणि सत्ता दोन्ही ज्याच्याजवळ, त्यालाच सगळ्यांत कमी विचारायचे. कोणा एका व्यक्तीवर माझा आरोप नाही. ही रचनाच मला धोक्याची वाटते.

फेब्रुवारी २०२१ आठवा. कोरोना पुन्हा वाढत होता. २१ तारखेला मुख्यमंत्र्यांनी राजकीय आणि धार्मिक गर्दीवर बंदी जाहीर केली. २३ तारखेला, आरोपांना तोंड देणारे तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीला आले आणि हजारो माणसे लोटली. तिथल्या महंतांनी त्यांची पाठराखण केली होती. २८ तारखेला मंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. मंत्र्याला जाब विचारायला विरोधक होते, वृत्तपत्रे होती, मुख्यमंत्री होते. गर्दीतल्या लोकांवर गुन्हे दाखल झाले. ज्या गादीच्या अंगणात हे घडले, तिला विचारायला कोण होते? त्या गर्दीतून तांड्यावर परतलेल्या माणसाच्या घरात म्हातारी आई असेल, याची जबाबदारी कोणाची?

संताला मतांनी आणि रस्त्यांच्या लांबीने मोजू नये, हे मला मान्य आहे. याच गादीवरचे रामराव महाराज ३० ऑक्टोबर २०२० रोजी गेले, तेव्हा हळहळलेल्या माणसांनी त्यांच्या कामाचा तक्ता मांडला नव्हता. एकांतातली उपासना, दिलेला धीर, सोडवलेली दारू यांचा हिशेब कोणते सरकार ठेवणार? पण त्याच गादीवरून मत कोणाला द्यायचे हे सांगितले गेले, त्याच गादीच्या नावाने सरकारी कोट्यवधी रुपये आले, की तेवढ्यापुरते तरी ती खुर्ची झाली. मग खुर्चीचे प्रश्न तिला लागू होतात.

याच समाजाने वसंतराव नाईकांसारखा राज्यकर्ता दिला. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे ते पुण्यात शनिवारवाड्यावर म्हणाल्याचे आजही सांगतात. स्वतःला मुदत घालून घेणारा नेता लोकांना प्रश्न विचारायला शिकवतो. तांड्यातही भांडण नसाबात, म्हणजे पंचायतीत येते, नाईक आणि कारभारी सगळ्यांदेखत बसतात, आणि बोलणाऱ्याला बोलता येते.

आणि सेवालाल महाराज? ज्यांच्या समाधीमुळे पोहरादेवी बंजाऱ्यांची काशी झाली, त्यांची शिकवण अशी सांगतात की, आधी जाणून घ्या, मग चाळून पाहा, त्यानंतरच माना. चाळण्याची ती मुभा त्यांच्या स्वतःच्या शब्दालाही लागू होते. मग त्यांच्या गादीवरच्या माणसाला चाळणे हा भक्तीचा भंग कसा?

वाशिम देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. इथल्या तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि रामनवमीला परतून भोग लावतात. दानपेटीत पडलेली दहाची नोट ही त्यांची मजुरी असते. धर्मादाय आयुक्तांकडे देवस्थानांचे हिशेब जातात; तेच हिशेब यात्रेच्या दिवशी, नंगारा वाजायच्या आधी, गोरमाटी बोलीतून मोठ्याने वाचले जावेत. आमदार महंतांनी मंचावर बसून ते ऐकावेत, आणि खालून एखादी बाई उठलीच, तर तिला कोणी खाली बसवू नये.