झालं काहीच नाही

आमच्या वाडीला डांबर संपल्यावर पुढं अडीच किलोमीटर कच्चा रस्ता होता आणि मधे ओढा. ओढ्यावर पूल सोडाच, साधी फरशीसुद्धा नव्हती. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला पाऊस कसा पडतो हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. एका पावसाळ्यात ओढ्यातले धोंडे जागा बदलायचे. गेल्या वर्षी जिथून बैलगाडी गेली, तिथून यंदा जाईलच असं नाही.

१९९६ च्या उन्हाळ्यात तात्यांनी एक जुनी जीप घेतली. दोन खोंडं विकली, हिरड्याचे पैसे घातले, उरलेलं पतपेढीचं कर्ज. चारी चाकांना जोर लागणारी गाडी होती, पण आधीच्या मालकानं तिच्यात माणसं कोंबकोंबून तिचे पाटे पार बसवले होते. पाट्याला कमानीसारखा बाक असतो, तो जवळजवळ सपाट झालेला. ओढ्यात उतरली की चेसिस धोंड्यावर टेकायची, चाकं जागच्या जागी फिरायची, आणि मग आम्ही पहारी घेऊन गुडघाभर पाण्यात. चारी चाकांचा जोर काय कामाचा, पोट दगडावर बसल्यावर?

तात्या म्हणाले, "मंचरला जा, पाटे करून आण. गाडी दोन इंच तरी उचलली पाहिजे." आणि मोजून बत्तीसशे रुपये हातात दिले. भाताचं खत उधारीवर आणलं होतं त्या साली, त्यामुळं ते बत्तीसशे कुठून आले हे मी विचारलं नाही.

पुणे-नाशिक रस्त्याला पाट्याचं काम करणारे एक चाचा होते. त्यांनी गाडीखाली घोंगडी टाकली, आडवे झाले, आणि तिथूनच बोलायला लागले. गाडी वर करायच्या वाटा अनेक आहेत, म्हणाले. नवे पाटे घाल, सगळ्यात चांगलं, पण तुला झेपणार नाही. दुसरी वाट म्हणजे जुने पाटे उघडून, तापवून, ठोकून पुन्हा बाकदार करायचे आणि प्रत्येक जुडग्यात एकेक पाटा वाढवायचा. गाडी कडक होईल, कंबर दुखेल, पण काम खात्रीचं. तिसरी वाट त्यांनी नुसती सांगून टाकली. पाट्याचं एक टोक चेसिसला ज्या दोन पट्ट्यांनी टांगलेलं असतं, त्याला शॅकल म्हणतात. ती शॅकल लांब करायची. लोखंडाच्या चार पट्ट्या, भोकं पाडली की झालं. पण चार इंच लांबवाल तेव्हा गाडी दोनच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि पुढच्या बाजूला हे केलं की चाकांचा कोन फिरतो. "मग वळणावरून स्टिअरिंग आपसूक माघारी येत नाही. गाडी रस्ता सोडून भटकते. मागं कर हवं तर. पुढं मी करून देणार नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आजही शहरातली हौशी मंडळी विसरतात. पाटे कितीही उचला, मधला डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथंच राहतो. तो वर यायचा तर चाकंच मोठी पाहिजेत. म्हणजे ओढ्यातला मोठा धोंडा चुकवायचा तर तो चुकवायचाच. शिवाय गाडी उंच केली की ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, तोही तपासायचा. एवढं सगळं ऐकून मी मागचे पाटे करून घेतले, एकेक वाढवून. पुढच्याचे पैसे ऐकले आणि म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो.

पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. येताना वाटेत एका वेल्डिंगवाल्याकडं थांबलो आणि साडेतीनशे रुपयांत पुढच्या लांब शॅकल बसवून घेतल्या. गाडी ऐटीत पुढून-मागून सारखी उभी राहिली. उरलेल्या पैशातून खताची उधारी भागवली. हे मी नेहमी सांगतो. त्यातून एक टेपरेकॉर्डरही घेतला, हे फारसं सांगत नाही.

जुलैत, रात्री साडेनऊच्या सुमारास, शेजारच्या वाडीतून दोघं कंदील घेऊन आले. एका सुनेला दिवस भरून कळा सुरू झाल्या होत्या. मूल आडवं आहे, सुईणीनं हात टेकले. तात्या त्या दिवशी लग्नाच्या कामाला जुन्नरला. जीप मीच काढली. ओढ्यात फोर बाय फोर टाकली आणि गाडी कुठंही न टेकता पलीकडं निघाली. त्या क्षणी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! साडेतीनशे रुपयांत जमलं की नाही?

धरणाच्या कडेच्या डांबरी रस्त्याला लागल्यावर ते कळलं, जे चाचांनी सांगितलं होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी दारू प्यायलेल्या माणसासारखी चालत होती. एका डाव्या वळणावर समोरून दिवे आले. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग सरळ करायला गेलो, आणि ते सरळ होईना. डावं चाक साइडपट्टी सोडून मुरमात गेलं. पलीकडं पाणी होतं. दोन्ही हातांनी ओढून मी गाडी रस्त्यावर आणली. मागून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सावकाश रं बाबा, पोटुशी हाय ती."

घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गूळ आणि तांदळाची पायली आणून दिली.

तात्यांनी जीप मंचरला नेली आणि परत आल्यावर जेवायच्या आधी गाडीखाली शिरले. बाहेर आले ते हात पुसत. आवाज चढवला नाही.

"पुढं पाटा कुठाय?"

मी सांगितलं. उधारी सांगितली. आणि मग ते वाक्य, जे आपल्याकडं प्रत्येकजण म्हणतो, "तात्या, झालं तर काहीच नाही ना."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू तुझ्या जिवावर उदार झाला असतास तर मी काय बोललो नसतो. त्या पोरीला इचारलं होतंस का, की बाई, पट्टी साडेतीनशेची हाय, बसतीस का?"

हा प्रश्न गेली पंचवीस-सव्वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. मी त्याला बरीच उत्तरं शोधली. पहिलं असं, की जीप नसती तर तिला झोळीत घालून चौघांनी चिखलातून नेली असती, आणि झोळीतून गेलेल्या किती जणी वाटेतच गेल्या ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. मग वाईट जीपसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरीच नाही का? हे उत्तर खोटं नाही. गरिबाच्या हातात बहुतेक वेळा चांगलं आणि वाईट अशी निवड नसतेच, वाईट आणि नाहीच अशी असते. शहरातला माणूस जेव्हा आमच्या वडापवर, आमच्या टपावरच्या माणसांवर नाक मुरडतो, तेव्हा तो हे विसरतो.

पण माझ्यापुढं त्या दिवशी ती निवड नव्हती. पैसे होते. टेपरेकॉर्डर घरात वाजत होता. आणि समजा नसतेच पैसे, तरी तिला सांगता आलं असतं, 'गाडी भटकते, हळू नेतो'. मलाही मग पंचवीसच्या वर जायचा धीर झाला नसता. तिनं बसायचं नाकारलं नसतं हे मला पक्कं माहीत आहे. पण नाकारलं नसतं म्हणून विचारायचं नाही, असं असतं का? सासूबाई मला 'बाबा' म्हणाल्या ते माझ्यावर भरवसा होता म्हणून. तो भरवसा ज्या शॅकलवर उभा होता ती त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

कायद्याचं पाहायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये म्हटलंय की कारखान्यानं ठरवलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर बोट ठेवलं. हल्ली लाखभर रुपये घालून ऐटीसाठी गाड्या उचलणारे पाहिले की मला तो कायदा पटतो. आमच्या ओढ्याची त्या कायद्याला काही कल्पना नव्हती, हेही खरं. पण त्या रात्री समोरून आलेल्या गाडीतल्या माणसांनाही मी कुठं विचारलं होतं? त्यांच्यापुरता तो कायदा होता, आणि मी तो पाळला नव्हता.

तात्यांनी टेपरेकॉर्डर विकायला लावला, स्वतःची थोडी भर घातली, आणि पुढचे पाटे चाचांकडून करून आणले. शिवाय भाताची लावणी उरकल्यावर वाडीतली पंधरा माणसं आणि चार पहारी घेऊन ओढ्यातले नडणारे धोंडे बाजूला केले. दोन दिवसांचं काम. खर्च चहाचा. "हे आधी का सुचलं नाय," असं तेच म्हणाले. पुढच्या पुरात अर्धे धोंडे परत आले ती गोष्ट निराळी. मग दरवर्षी काढत राहिलो, साकव होईपर्यंत.

जुन्या लांब शॅकल तात्यांनी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवल्या. तात्या गेले, जीप गेली, त्या तिथंच आहेत.

ती मुलगी आता राजगुरुनगरला नांदते. दिवाळीला माहेरी आली की आमच्याकडं चक्कर टाकते. मला काका म्हणते, आणि नवऱ्याला दर वेळी तीच गोष्ट सांगते, काकांच्या जीपमुळं मी आहे म्हणून. तो बिचारा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा मान डोलावतो. मागच्या दिवाळीत तिचा धाकटा गोठ्यात वासराशी खेळत होता. तिथून ओरडला, "आजोबा, ही लोखंडं कशाची हो?"

"जुन्या जीपची," मी म्हणालो. ती चहा ओतत होती. तिनं वर पाहिलं, हसली, आणि कप माझ्यापुढं सरकवला.