न पेरलेले पीक

वर्धा जिल्ह्यातील मनुष्यास समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही निरुत्तर होऊ. आमच्या वाट्यास आलेले पाणी म्हणजे वर्धा, धाम, बोर ह्या नद्या आणि पावसाची वाट पाहणाऱ्या विहिरी. तथापि मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग आमच्या दारावरून जातो, आणि बर्फात घातलेले पापलेट आता वर्ध्याच्या बाजारातही मिळते. मागे पाहुणे आले असता आम्ही ते आणविले. प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खे वाढता यावे म्हणून लहानच निवडावे, अशी घरातून सूचना होती. ते तळहाताएवढे मासे पाहून पंक्तीतील एका शेतकरी स्नेह्याने सहज विचारले, "ह्यांचे बियाणे कोणी राखले आहे की नाही?" सर्व हसले, आम्हीही हसलो. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

शेतकरी पीक कापतो, कारण त्याने पेरलेले असते. आणि पुढील वर्षी पेरावयाचे म्हणून तो उपाशी राहील, पण बियाण्यास हात लावणार नाही. समुद्रात कोणी पेरीत नाही. तेथे बांध नाही, सातबारा नाही, राखणदार नाही. जे आपण पेरले नाही ते किती घ्यावे, ह्या प्रश्नास शेतीच्या नीतीत उत्तर सापडत नाही.

आपल्या कोकणात ह्याचे उत्तर पूर्वी विचाराने नव्हे, तर परिस्थितीने दिले होते. डोल जाळे खांबांस बांधून एका जागी ठेवावयाचे, आणि भरती-ओहोटी आणून देईल तेवढे बोंबील, जवळा, करंदी उचलावयाचे. मालवणाकडे रापण ओढावयाची ती सर्वांनी मिळून, आणि मासळी वाटावयाची ती वाट्यांनी. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात. सुती जाळे कुजे. ते वाळवावे लागे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागे, आणि तेवढे दिवस मासा मोकळा राही. सुताचे आयुष्य किती, हे आम्हां कापसाच्या मुलखातील लोकांस सांगावयास नकोच. ह्या जुन्या व्यवस्थेचे भाबडे स्तोत्र गाण्याची आमची इच्छा नाही. डोलीतही लहान पिल्ले येतच. कोळी संयमी होता असे म्हणण्यापेक्षा त्याचे साधन दुबळे होते, असे म्हणणे अधिक खरे. १९२१-२२ साली 'विल्यम कॅरिक' नावाची वाफेची नौका मुंबईच्या समुद्रात तळ खरवडणारे जाळे ओढून पाहत होती. तो प्रयोग फार दिवस चालला नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र होड्यांस यंत्रे आली, नायलॉनचे न कुजणारे जाळे आले, बर्फाचे कारखाने आले, आणि कोळंबीस परदेशी गिऱ्हाईक मिळाले. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधला गेला. आज तेथे मासळी उतरते. ह्यातील एकही सुधारणा दुष्टबुद्धीने आलेली नाही. वादळात सापडलेली माणसे यंत्राने घरी आणली, हे कोणत्या तोंडाने नाकारावे? पण बाहेरची मर्यादा गळून पडल्यावर तिच्या जागी आतली मर्यादा उभी राहावयास हवी होती, ती राहिली नाही.

हे आपल्याकडेच घडले असे नव्हे. इंग्लंड हे द्वीपराष्ट्र. तेथील मच्छीमारांनी १३७६ साली पार्लमेंटकडे अर्ज केला होता की, नव्या तऱ्हेचे ओढजाळे समुद्रतळ खरवडून लहान मासे मारीत आहे. पाचशे वर्षांनी, १८८३ साली, लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्स्लेसारख्या पंडिताने मोठमोठी समुद्री मत्स्यक्षेत्रे अक्षय्य असल्याचा निर्वाळा दिला. न्यायाने बोलावयाचे तर हक्स्लेने 'आजच्या मासेमारीच्या पद्धती पाहता' अशी पुस्ती जोडली होती. लोकांनी निर्वाळा लक्षात ठेवला आणि पुस्ती विसरले. न्यूफाउंडलंडच्या बेटाभोवतीचा कॉड मासा तर अगणित म्हणून प्रसिद्ध. १९९२ साली तो इतका उणावला की, त्याची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठविण्यास २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही थोड्याच मासळीची मुभा मिळाली.

वर्ध्यास मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचा विचार करणारे जे. सी. कुमारप्पा ह्यांना समुद्राशी विशेष कर्तव्य नव्हते. परंतु तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवहाराचे जे प्रकार पाडले, ते येथे नेमके उपयोगी पडतात. भक्ष्यास ठार करून जगणारा वाघ हा एक प्रकार. काही न लावता आंब्याची फळे ओरबाडणारे वानर हा दुसरा. वानराने निदान झाड तरी शिल्लक राहते. डोल जाळे आम्ही वानराच्या कोटीत घालू. तळ खरवडून अंडी-पिल्लांसह सर्व काही उचलणारे जाळे कोणत्या कोटीत बसते, हे वाचकांनीच ठरवावे.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ तक्रारीनंतर २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला. तरी नौकामालक म्हणतो, "मी सोडलेला मासा पलीकडची बोट धरील, मग माझ्या कर्जाचे हप्ते कोणी भरावयाचे?" ह्या युक्तिवादास खोटा ठरविणे सोपे नाही. एकट्याच्या संयमाने मासा वाचत नाही, फक्त संयमी मनुष्य बुडतो. परंतु ह्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, नियम सर्वांस सारखा लागला पाहिजे. घेण्याची मोकळीक त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय हा बचाव कर्जबाजारी नौकामालकाचा आहे. समुद्रापासून शेकडो मैलांवर, केवळ ताट सुरेख दिसावे म्हणून पिल्लू मागविणाऱ्यास तो कसा लागू व्हावा? त्याच्या डोक्यावर कोणता हप्ता आहे?

आमच्या घरी आता एकच मोठे पापलेट आणून त्याच्या तुकड्या कराव्या असे ठरले आहे. पाहुण्यांस अख्खे वाढता येत नाही म्हणून थोडी कुरबुर चालू आहे. मासळीवाल्याकडे मोठे मागितले तेव्हा त्याने पेटीतला बर्फ दोनदा उलथापालथा केला आणि म्हणाला, "मोठे हल्ली क्वचित येते, साहेब. आले की कळवतो."