कुरूप जीवांविषयीं मुलांस काय शिकवावें?

नष्ट होत चाललेल्या पशुपक्ष्यांचीं चित्रें मुलांकडून काढवावीं, त्यांच्या मातीच्या प्रतिमा करवाव्या, कागदाचे मुखवटे कातरून घ्यावे व त्या निमित्तानें त्या जीवांची माहिती सांगावी, हा प्रघात हल्लीं पुष्कळ शाळांतून पडला आहे. तो आम्हांस सर्वथा मान्य आहे. तथापि शिक्षकांनीं व आईबापांनीं एका प्रश्नाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. मुलांच्या हातीं आपण बहुधा वाघ, मोर, हरिण हेच जीव देतों. हे मूळचेच देखणे; त्यांजवर प्रेम करावयास कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु जो जीव ओंगळ दिसतो, ज्यास लोक अभद्र म्हणतात, त्याजविषयीं मुलाच्या मनांत दया उत्पन्न होईल काय? आणि ती हातांच्या कामानें होईल काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर आसामांतील कामरूप जिल्ह्यांत मिळतें. तेथें हरगिला नांवाचा एक पक्षी आहे. तो करकोच्याच्या जातीचा असून उंचीनें सुमारें ५ फूट असतो. डोकें व मान जवळजवळ उघडी आणि गळ्याशीं लोंबती पिशवी, असें त्याचें ध्यान. मेलेल्या जनावरांचें मांस, मासे, बेडूक आणि उकिरड्यावरची घाण हें त्याचें अन्न. हाडें गिळणारा, असाच त्याच्या नांवाचा अर्थ आहे. उंच झाडावर तो घरटें करी आणि खालच्या अंगणांत हाडें, कुजके मासे व विष्ठा पडे. म्हणून लोक त्यास अपशकुनी मानीत व झाडच तोडून टाकीत. इ. स. २००७ च्या सुमारास पूर्णिमा देवी बर्मन ह्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक बाईंनीं पिलांसह घरटीं असलेलें असें एक झाड पडलेलें पाहिलें. त्यांनीं हरकत घेतली, तेव्हां लोकांनीं त्यांची थट्टा केली.

पुढें ह्या बाईंनीं केवळ उपदेशावर भिस्त ठेविली नाहीं. आसामी स्त्रिया विणकामांत निपुण. म्हणून त्यांच्याकडून त्यांनीं साड्यांवर व गामोशांवर हरगिल्याची आकृति विणविली. गर्भवती लेकीचें कौतुक करावें तसें अंडीं उबविण्याच्या दिवसांत ह्या पक्ष्याचें कौतुक गांवांत होऊं लागलें. ज्या गांवांत आरंभीं २८ घरटीं होतीं, तेथें तीं पुढें २५० हून अधिक झालीं. इ. स. २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं ह्या कार्याचा गौरव केला. आईच्या मागावर जो पक्षी रोज उमटतो, त्याजवर गोफण उचलावयास मुलाचा हात सहज धजत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, नुसत्या चित्रानें जीव वांचतो काय? नाहीं, वांचत नाहीं. कलकत्ता शहरास इ. स. १८९६ सालीं जें मानचिन्ह मिळालें, त्यावर हाच पक्षी दोहों बाजूंस उभा होता. कारण तेव्हां तो तेथील रस्त्यांवरची घाण खाऊन शहर स्वच्छ करीत असे. पण चिन्हावर जागा मिळूनही विसाव्या शतकांत तो त्या शहरांतून नाहींसा झाला. मग दोन प्रतिमांत भेद कोणता? एक प्रतिमा दूरून मान देणाऱ्यांनीं काढविली. दुसरी त्या स्त्रियांनीं विणली, ज्यांच्या अंगणांत त्या पक्ष्याची घाण पडत होती आणि झाड राखणें किंवा तोडणें ज्यांच्या घरच्यांच्या हातीं होतें. हातानें घडविलेली वस्तु आपल्या रोजच्या वागणुकीशीं जोडली, तरच ती शिकविते. नाहीं तर ती भिंतीवर टांगलेली शोभा होय.

आपल्या प्रांतांत असाच तिरस्कृत पक्षी गिधाड. इ. स. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांतच पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत शेंकडा ९९ हून अधिक कमी झालीं. त्यांस कोणी गोळ्या घातल्या नाहींत. आजारी गुरांस दुखण्यावर डायक्लोफेनॅक हें औषध देत. तें जनावर मेल्यावर गिधाडें त्याचें मांस खात आणि मूत्रपिंडें बिघडून मरत. सरकारनें इ. स. २००६ सालीं गुरांसाठीं ह्या औषधावर बंदी घातली. मेलोक्सिकॅम हें औषध गुरांस उपयोगी असून गिधाडांस अपाय करीत नाहीं. गिधाड वर्षाकाठीं एकच अंडें घालतें, म्हणून गेलेली संख्या लवकर भरून येत नाहीं.

आतां मुलास काळी माती द्या व गिधाड करावयास सांगा. पोळ्याचे मातीचे बैल घडविणाऱ्या मुलास वशिंड कोठें येतें हें सांगावें लागत नाहीं. पण गिधाडाच्या मानेपाशीं त्याचा हात अडखळेल आणि तो विचारील, ‘मान उघडी कां?’ मग त्यास सांगावें कीं, हा मेलेल्या जनावराच्या पोटांत मान घालतो. दाट पिसें असतीं तर तीं रक्तानें माखलीं असतीं. जें ओंगळ वाटलें तें कामाचें निघालें. मात्र शिक्षकानें चोंच आंखूड करून, रंग चढवून प्रतिमा गोजिरी होऊं देऊं नये. खोट्या रूपावर जडलेली दया खरा पक्षी समोर येतांच विरून जाते. तसेंच थर्मोकोल व प्लास्टिक ह्यांच्या प्रतिमा करवूं नयेत. त्या शेवटीं उकिरड्यावरच जातात, आणि उकिरड्यावर पोट भरणारे जीव किती आहेत हें आपण पाहिलेंच.

ही गोष्ट पक्ष्यांपुरतीच नाहीं. ज्यांनीं गांवचीं मेलेलीं जनावरें ओढलीं व गांव स्वच्छ राखला, त्यांसच गांवानें अपवित्र म्हणून वेशीबाहेर ठेविलें, ही हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांच्या घराण्यांस ठाऊक आहे. माणसांची व पक्ष्यांची तुलना आम्ही करीत नाहीं. परंतु रूप व धंदा पाहून तिटकारा करणारी दृष्टि एकच असते, आणि ती लहानपणींच पडते. म्हणून ती लहानपणींच सुधारली पाहिजे.

तेव्हां शिक्षकहो, येत्या पाठांत वाघ व मोर अवश्य असूं द्या. पण एक तास गिधाडासाठीं राखून ठेवा. प्रतिमा वाळल्यावर मुलानें ती घरीं न्यावी व गुरांस दुखण्यावर कोणतें औषध देतां, हें वडिलांस विचारावें. त्या एका प्रश्नानें पाठ शाळेंतून गोठ्यांत पोंचेल, आणि त्याचा खरा उपयोग तेथेंच आहे.