नामधारकाची जागा

दत्तभक्तहो, सरस्वती गंगाधरांचं गुरुचरित्र म्हणजे सगळा एक संवाद आहे. सिद्ध सांगतात, नामधारक ऐकतो. पण तो मुका बसत नाही. मध्येच विचारतो, आणि त्याच्या विचारण्यावर कथा पुढे सरकते. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, ते असं.

आता आपल्या चारठाण्यात पाहा. पोरं पुण्याला, म्हातारं माणूस ओसरीवर. उशाशी मोबाईलवर आर. एन. पराडकरांची दत्तगीतं लावून दिली की आपण मोकळे! गाणी गोडच आहेत, त्यात वाद नाही. पण ऐकणाऱ्याला कुणी काही विचारतच नाही.

म्हणून सांगतो, त्यांना नामधारकाची जागा द्या. दर गुरुवारी एक अध्याय. पोथी 52 अध्यायांची, वर्षाचे आठवडेही 52; माझा जन्म बँकेच्या खातेवहीत गेला, त्यामुळे हा मेळ चटकन दिसतो. टीव्ही बंद करावा, चांगल्या कानाच्या बाजूला बसावं, सावकाश वाचावं, ओरडू नये. मध्ये थांबून विचारावं, 'आई, पुढं काय झालं?'

टेंबे स्वामींची करुणात्रिपदी म्हणताना तर चरणाचा शेवट त्यांच्यासाठीच सोडावा. सकाळचं जेवण न आठवणारी माणसंही कधी कधी चाल लागली की शब्द बरोबर उचलतात. नाही उचलला तर आपण म्हणावं. चुकला तर दुरुस्त करत बसू नये, दत्त महाराजांना तो चालतो. आणि टाळ त्यांच्याच हाती द्यावेत.